थ्रेशोल्ड सत्तर ठेवू की ऐंशी?

गेल्या अंकात बोलता बोलता लिहून गेले होते, "ज्या अलार्मला रात्री कुणी उठत नाही, तो अलार्म काढून टाका." एवढ्या एका वाक्यावर एकोणीस पत्रं आली. निम्म्यांना ते पटलं, निम्म्यांनी 'मॅडम, बोलणं सोपं आहे' असं सुनावलं. नवीन वाचकांसाठी सांगते: पुण्यात एका टेलिकॉम कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये मी अठरा वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आता सांगलीत राहून दोन रुग्णालयं, एक साखर कारखाना आणि एका पतसंस्थेचं नेटवर्क बघते. अलार्मशी, आणि तो ज्या आकड्यावर वाजतो त्या थ्रेशोल्डशी, माझं भांडण जुनं आहे. एकोणीसमधली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापत नाही, कारण प्रत्येकानं आपल्या साहेबाबद्दल काहीतरी लिहिलंय.

प्रश्न : ताई, आमचं करवीर तालुक्यात केबल-इंटरनेटचं काम आहे. साडेचारशे गिऱ्हाईक, वरून १ जीबीपीएसची एकच लाइन. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं लाइन ७० टक्के भरली की वाजेल असा अलार्म लावून दिला, तो तसाच आहे. रोज रात्री आठ ते बारा फोन टिवटिवतो. पोरानं वैतागून म्यूट केला. मग एका सकाळी जेसीबीनं फायबर तोडली आणि पाऊण तास आम्हाला पत्ताच नाही. गिऱ्हाईकांच्या शिव्या खाल्ल्यावर कळलं. लाइन आल्यावर मात्र पाठोपाठ अकरा मेसेज येऊन पडले. ७० चं ८० करू का?

उत्तर : करा, पण फोन आठऐवजी साडेआठला टिवटिवायला लागेल, बाकी काही बदलणार नाही.

तुम्ही करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचा राजाराम बंधारा तुम्हाला मी सांगायला नको. तिथं पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाऊस लागला की तुमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा विचारतं, "किती फूट झालं?" ३९ ला कुणी घर सोडून पळत नाही. ३९ झालं की जनावरं हलवायची, धान्य माळ्यावर टाकायचं, गावातल्या उंचावरच्या पाहुण्याला फोन करून ठेवायचा. ४३ ला निघायचं. दोन आकडे आहेत, दोघांना वेगवेगळी कामं चिकटलेली आहेत, आणि मधल्या चार फुटांत हाताशी वेळ आहे. तुमच्या ७० टक्क्यांना कुठलं काम चिकटलंय? रात्री नऊ वाजता गिऱ्हाईक मोबाइलवर सिनेमा बघतंय हे कळल्यावर पोरानं करायचं काय? म्हणून त्यानं म्यूट केलं. मी त्याच्या बाजूनं आहे.

तुम्ही दोन प्रश्नांची खिचडी केली आहे. लाइन अपुरी पडायला लागली का, हा महिन्याचा प्रश्न. लाइन बिघडली का, हा मिनिटाचा. महिन्याच्या प्रश्नासाठी फोन वाजवायचा नसतो, त्यासाठी महिन्यातून एकदा चहा घेऊन बसायचं असतं. पाच-पाच मिनिटांच्या सरासरीचे तीस दिवसांत ८६४० आकडे जमतात. ते उतरत्या क्रमानं लावा, वरचे पाच टक्के, म्हणजे ४३२, बाजूला काढा आणि उरलेल्यांतला सगळ्यात मोठा बघा. यालाच ९५ वा पर्सेंटाइल म्हणतात. मोठ्या लाइनींची बिलंसुद्धा बऱ्याच ठिकाणी याच हिशेबानं होतात. ४३२ आकडे म्हणजे ३६ तास. तुमची रात्रीची गर्दी महिन्याला १२० तासांची, तेव्हा ती यातून निसटत नाही. आणि कधीतरी एका रात्री मॅचमुळे उडालेला फवारा मोजलाही जात नाही. हा आकडा ८० च्या पुढं गेला की पुढच्या लाइनसाठी पत्रव्यवहार सुरू करा. लाइन मिळायला किती आठवडे लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तीच तुमची इशारा पातळी.

हे सत्तर-ऐंशी आलं कुठून? रांगेच्या गणितातून. साध्यात साध्या नमुन्यात, खिडकी ५० टक्के गुंतलेली असेल तर माणसाचा एकूण वेळ दुप्पट होतो, ८० ला पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. म्हणून ८० च्या पुढं भीती. पण कशाच्या पाचपट, हे कुणी विचारत नाही. तुमच्या १ जीबीपीएसवर १५०० बाइटचं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, १२ मायक्रोसेकंदांत जातो. वीसपट झालं तरी २४०. गिऱ्हाईकाला तेवढ्यानं ठसकाही लागणार नाही. तेच पॅकेट २ एमबीपीएसच्या लाइनवर ६ मिलिसेकंद घेतं. तिथं वीसपट म्हणजे १२० मिलिसेकंद, आणि काउंटरवरची बाई म्हणते "सिस्टिम स्लो आहे". टक्के तेच, पण दुखणं वेगळं. त्यामुळे सगळ्या पोर्टांना, म्हणजे लाइनी जोडायच्या खोबणींना, एकच आकडा चिकटवणारं सॉफ्टवेअर दिसलं की मला हसू येतं. एकाच मापाची चप्पल अख्ख्या वऱ्हाडाला.

आता मिनिटाचा प्रश्न. तुमच्यासाठी मी असं ठेवीन. ९२ टक्क्यांच्या वर सलग तीन मोजण्या, म्हणजे पंधरा मिनिटं, राहिलं तरच मेसेज. आणि ८० च्या खाली आल्याशिवाय तो मेसेज 'मिटला' म्हणायचं नाही. त्याच्या जोडीला पॅकेट टाकून दिल्याचा आकडा, आउट-डिस्कार्ड, जरूर लावा. पाच मिनिटांची सरासरी गरीब चेहऱ्यानं खोटं बोलते: दोन मिनिटं लाइन गच्च आणि तीन मिनिटं मोकळी, सरासरी ४० टक्के, सगळं हिरवं. त्या दोन मिनिटांत किती पॅकेटं फेकली गेली ते डिस्कार्ड सांगतो. टक्के आणि डिस्कार्ड यांतला एकच ठेवायचा झाला तर मी टक्के सोडून देईन.

आणि खालचा थ्रेशोल्ड. हा बहुतेकांकडे नसतोच. गणपतीतली एक रात्र मला आठवते. एका मोठ्या लिंकवर आमचे वरच्या बाजूचे तीन थ्रेशोल्ड होते, पिवळा, नारिंगी, लाल. सव्वादोनला मी चहाचा कप घेऊन भिंतीवरच्या पडद्यासमोर उभी. सगळं हिरवं. इतकं हिरवं की खटकलं. विसर्जनाच्या आदल्या रात्री या लिंकवर एवढी शांतता? आलेख उघडला तर पावणेदोनपासून रेघ जमिनीला टेकलेली. पोर्ट 'अप' होता, कारण मधला मक्स, म्हणजे अनेक लाइनी एकत्र करून पुढं धाडणारं यंत्र, आमच्या बाजूचा दिवा इमानानं जळत ठेवत होता. पलीकडं मात्र वाट तुटलेली. अर्धा तास एका जिल्ह्याचा आवाज बंद होता आणि आमच्या यंत्राला वाटत होतं की लोक झोपलेत. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या लिंकला मी खालची रेघ आखते. तुमच्याकडं: संध्याकाळी सात ते बारा ट्रॅफिक २०० एमबीपीएसच्या खाली दहा मिनिटं राहिलं तर फोन वाजलाच पाहिजे. पहाटेसाठी हाच आकडा २० ठेवा.

ते अकरा मेसेज लाइन आल्यावर का आले, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मॉनिटरिंगचा पीसी त्याच लाइनच्या मागे बसलाय. लाइन तुटली हे त्याला लगेच कळलं, त्यानं मेसेज लिहिला, आणि तो पाठवायला निघाला तुटलेल्याच फायबरमधून. घराला आग लागली हे सांगायला पोरगं त्याच जळत्या जिन्यावरून धाडल्यासारखं. एक साधा सिमकार्डवाला मोडेम लावा, एसएमएस तिकडून जाऊ दे. किंवा बाहेर, दुसऱ्या कुणाच्या लाइनवर, एक छोटा पहारेकरी बसवा जो तुमच्या राउटरला दर मिनिटाला हाक मारतो. दोन्ही केलंत तर उत्तम.

म्यूट काढायला पोराला आजच सांगू नका. आधी मेसेज कमी करा, मग सांगा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ३०० एमबीपीएसची लाइन आहे. आलेख कधीच ११४ च्या वर जात नाही. मी २४० चा अलार्म लावला, तो वर्षभरात एकदाही वाजला नाही. मुलं म्हणतात नेट रांगतंय. लाइन देणारे म्हणतात लाइन पूर्ण वापरली जातेय. प्राचार्य म्हणतात, "तुमचाच आलेख दाखवतोय की निम्मी पण वापरत नाही!" खरं कोण? (नांदेड)

उत्तर : लाइन देणारे. हे वाक्य मी वर्षातून एकदाच लिहिते, जपून ठेवा.

११४ हा आकडा वाचल्याबरोबर मी पत्र खाली ठेवून टाळी वाजवली. राउटरमधला जुना मोजणीदार ३२ बिटांचा असतो. तो ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजतो आणि रिक्षाच्या जुन्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो. त्याला आठनं गुणा, ३०० सेकंदांनी भागा: ११४.५ एमबीपीएस. तुमचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी येऊन आकडा वाचतं. मधे मीटर एकदा फिरून आलं तर ते सांभाळून घेतं, पण दोनदा-तीनदा फिरलं तर त्याला कळायची सोयच नाही. म्हणून खरं ट्रॅफिक १२० असेल तर आलेख साडेपाच दाखवतो. खरं ३०० असेल तर ७१. म्हणजे लाइन जेव्हा सगळ्यात भरलेली, तेव्हा प्राचार्यांना ती पाव वापरलेली दिसते. आलेख नीट निरखा. ऐन दुपारी उंच चढता चढता एकदम कड्यावरून कोसळल्यासारखा दिसत असेल.

उपाय दहा मिनिटांचा. सॉफ्टवेअरला ६४ बिटांचा मोजणीदार वाचायला सांगा. त्याचं नाव आयएफएचसीइनऑक्टेट्स आणि आयएफएचसीआउटऑक्टेट्स. त्यासाठी एसएनएमपीची, म्हणजे राउटरला त्याचे आकडे विचारायच्या भाषेची, आवृत्ती २सी किंवा ३ लागते, १ मध्ये तो मोजणीदार येतच नाही. तुमच्याकडं नक्की १ असेल. फक्त मोजणी पाचऐवजी एका मिनिटाला केलीत तरी छत ५७३ पर्यंत जाईल आणि तुमचं तात्पुरतं भागेल, पण पुढं १ जीबीपीएस घेतलीत की पुन्हा तेच.

आणि एक. वर्षभरात एकदाही न वाजलेला अलार्म बघून आपण खूश होतो. वर्षातून एकदा तो मुद्दाम वाजवून बघत जा. थ्रेशोल्ड तात्पुरता १० टक्क्यांवर आणा, फोन वाजतो का बघा, परत जागेवर ठेवा.

प्रश्न : आमची सहकारी बँक, ३८ शाखा, बऱ्याचशा डोंगरात. शाखांच्या लाइनी २ ते ४ एमबीपीएसच्या. आमच्या आयटी विभागात आम्ही दोघंच. पावसाळ्यात दिवसाला दोनशे मेल येतात: वर गेलं, खाली आलं, वर गेलं, खाली आलं. जिल्ह्याची मुख्य लाइन गेली त्या दिवशी एकदम ३८ शाखांचे मेल आले आणि मूळ बिघाडाचा मेल त्यात खाली गाडला गेला. (सातारा)

उत्तर : गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो तो बघा. पाणी तळाला गेलं की पंप सुरू, काठाला आलं की बंद. सुरू आणि बंद दोन्ही एकाच रेघेवर ठेवलं तर पाणी हिंदकळेल तसा पंप चालू-बंद होईल आणि आठवड्यात मोटार जळेल. तुमच्याकडं मोटारीच्या जागी तुम्ही दोघं आहात.

अलार्मला चढती रेघ वेगळी आणि उतरती रेघ वेगळी हवी. हे काही नवं शहाणपण नाही. नेटवर्कवर दुरून नजर ठेवण्याचं आरमॉन नावाचं जे मानक १९९१ साली आलं, त्यातच हे लिहिलेलं आहे: चढती रेघ ओलांडली की एकदा ओरडायचं, आणि उतरती रेघ ओलांडून खाली येईपर्यंत पुन्हा तोंड उघडायचं नाही. तरी आजही निम्म्या ठिकाणी मला एकच आकडा भरलेला दिसतो, दुसरा रकाना रिकामा. तुमच्या २ एमबीपीएसच्या शाखांना चढती ८५, उतरती ६५ करा, आणि तीही सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. रात्री अकराला अँटिव्हायरसच्या अपडेटनं लाइन भरली तर भरू दे, तिथं कुणी चेक वटवायला उभं नाही.

अशा बारीक लाइनींवर टक्क्यांपेक्षा पिंगचा वेळ, म्हणजे हाक मारल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, जास्त खरं बोलतो. प्रत्येक शाखेचा नेहमीचा वेळ आठवडाभर टिपून काढा. पाटणजवळच्या शाखेला ४० मिलिसेकंद नेहमीचे असतील, साताऱ्यातल्याला १२. नेहमीच्या चौपट दहा मिनिटं राहिलं की कळवायचं. सगळ्यांना एकच १०० लावू नका, नाहीतर डोंगरातल्या शाखा उगाच बदनाम होतात.

वर-खाली होणाऱ्या लाइनीसाठी: एकदा पिंग चुकलं की लगेच 'डाउन' म्हणायचं नाही. एक-एक मिनिटानं आणखी तीनदा विचारा, चारही वेळा उत्तर आलं नाही तरच मेल. नागिओस या नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याला सॉफ्ट आणि हार्ड स्थिती म्हणतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरांत नाव वेगळं, सोय तीच. तीन-चार मिनिटं उशिरा कळेल हे खरं. पण शाखेत वीज गेली की यूपीएस लागेपर्यंत मोडेम एक गटांगळी खातो, ती यातून आपोआप गाळली जाईल.

३८ मेलांचं औषध म्हणजे बाप-लेक नातं. कुठली शाखा कुणाच्या मागे आहे हे सॉफ्टवेअरला सांगून ठेवायचं. मुख्य लाइन गेली की ते शाखांबद्दल 'डाउन' न म्हणता 'दिसत नाही' म्हणतं आणि मेल एकच धाडतं. हे काम कंटाळवाणं आहे, ३८ ओळी हातानं भरायच्या आहेत, म्हणून कुणी करत नाही. एका शनिवारी बसा. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात बिघाड झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म एकदम पेटले होते, आणि कंट्रोल रूममधल्यांना त्यातला कामाचा कुठला हेच कळेना. तुमच्या त्या दिवसाची जात तीच, फक्त माप लहान.

प्रश्न : मी हिंजवडीत एका कंपनीच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये, ज्युनिअर आहे. साहेब म्हणतात, आता स्थिर थ्रेशोल्ड जुने झाले, एआय लावू, ते स्वतःच शिकेल. ते खरंच शिकतं का?

उत्तर : शिकतं. काय शिकतं, हा प्रश्न आहे.

नावाला घाबरू नकोस. यामागची एक पद्धत, होल्ट-विंटर्स, १९५७ ते ६० च्या दरम्यानची आहे, दुकानांच्या विक्रीचा अंदाज बांधायला काढलेली. नेटवर्कच्या आलेखांना ती कशी लावायची, यावर जेक ब्रुटलॅग यांनी २००० साली निबंध वाचला आणि पुढं ती आरआरडीटूल या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आली. गाभा सोपा आहे: या सोमवारी अकरा वाजता किती असायला हवं, ते मागच्या काही सोमवारांच्या अकरावरून काढायचं, आजूबाजूला एक पट्टा सोडायचा, आणि त्या पट्ट्याबाहेर गेलं तर बोलायचं. वरची माझी गणपतीची रात्र अशा पट्ट्यानं पंधरा मिनिटांत पकडली असती. म्हणून मी विरोधात नाही.

पण शिकणाऱ्याला जे दाखवाल ते तो शिकतो. आठवडाभर एखाद्या पोर्टवर लूप होऊन, म्हणजे वाट फिरून स्वतःलाच जोडली जाऊन, तेच तेच पॅकेट गोल फिरत कचरा होत राहिला, तर पुढच्या आठवड्यात तो कचरा 'नेहमीचा' होतो, आणि लूप काढल्यावर यंत्र ओरडतं की काहीतरी बिघडलं! दुसरं, हळूहळू चढणाऱ्या गोष्टीला ते कधीच ओरडत नाही. रोज अर्धा टक्का वाढत गेलं तर पट्टाही मागोमाग वर सरकतो. तिसरं, आपलं पंचांग त्याला कळत नाही. दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखेला. दहावीचा निकाल दुपारी लागला की महाराष्ट्रातला प्रत्येक मोबाइल एकदम जागा होतो. यंत्राला वाटतं हल्ला झाला. मी निकालाच्या दिवसाची चिठ्ठी आदल्या संध्याकाळीच लावून ठेवायचे, 'उद्या बारा ते चार पट्टा बंद'.

साहेबांना सांग, दोन्ही ठेवू. पट्टा पिवळ्यासाठी, म्हणजे दिवसा बघण्यासाठी. लालसाठी, रात्री माणूस उठवण्यासाठी, हातानं ठरवलेला ठाम आकडा. रात्री तीनला उठवलेल्या माणसाला "का उठवलं?" याचं उत्तर एका वाक्यात मिळालं पाहिजे. 'मॉडेलला वेगळं वाटलं' हे उत्तर देऊन बघ साहेबांना.

प्रश्न : सीआरसी एररचा थ्रेशोल्ड किती ठेवायचा? आमच्या एका स्विचवर १८,००० दाखवतोय. (मडगाव)

उत्तर : सीआरसी एरर म्हणजे वाटेत खराब होऊन पोचलेलं पॅकेट. पण १८,००० किती दिवसांत? स्विच तीन वर्षांत रिबूट झाला नसेल तर तो आकडा तीन वर्षांचा आहे. मोजणीदार साफ करा आणि उद्या याच वेळी बघा. एकूण आकड्याला थ्रेशोल्ड लावण्यात अर्थ नाही, वाढीला लावा.

फायबरवरच्या गिगाबिट इथरनेटला चुकीची मुभा आहे ती १०००००००००००० (एक लाख कोटी) बिटांमागे एक, म्हणजे पूर्ण भरलेल्या लाइनवर साधारण सतरा मिनिटांत एक बिट. निरोगी लाइन यापेक्षाही पुष्कळ चांगली चालते. माझा स्वतःचा नियम: दहा लाख पॅकेटांमागे एकापेक्षा जास्त एरर, तर दिवसा बघायची वहीत नोंद, दहा हजारांमागे एक झालं तर आजच केबल बदलायची.

पण आकड्यापेक्षा वेळ बघा. माझ्याकडच्या एका रुग्णालयात नोंदणी खिडकीच्या स्विचवर एरर यायचे ते फक्त दहा ते सहा, रविवारी शून्य. दोनदा केबल तपासली, तपासायचं यंत्र पास म्हणालं. तिसऱ्यांदा मी नुसतीच जाऊन बाकड्यावर बसले, हातात लॅपटॉप, दर दहा सेकंदांनी मोजणीदार. बाईंनी जुना केसपेपर काढायला लोखंडी कपाट उघडलं की आकडा टणकन वाढायचा. कपाटाचं दार उघडं असलं की त्याची खालची कड भिंतीलगतच्या पॅच कॉर्डवर, म्हणजे छोट्या जोडकेबलवर, दाबून बसायची. तपासणी नेहमी सकाळी आठला, कपाट बंद असताना व्हायची. केबल बदलली, आणि वीतभर वर खिळ्यावर टांगली. बाई म्हणाल्या, "म्हणजे एवढे दिवस मीच करत होते होय!" आणि मला चहा पाजला.

प्रश्न : मी तांत्रिक बाई नाही. माझे यजमान नेटवर्कमध्ये आहेत, तुमचं सदर ते वाचतात म्हणून मी लिहितेय. महिन्यातून दोन आठवडे त्यांचा फोन रात्री वाजतो. ते उठतात, लॅपटॉप उघडतात, 'काही नाही' म्हणतात आणि झोपतात. मला मग झोप लागत नाही. मुलगी दहावीला आहे. काही करता येईल का? (डोंबिवली)

उत्तर : ताई, सगळ्या पत्रांत कामाचं वाक्य तुम्ही लिहिलंत: 'काही नाही म्हणतात आणि झोपतात.'

उशाशी एक वही ठेवा. फोन वाजला की त्यांनी तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजता, कुठला अलार्म, आणि उठून काय केलं. अर्धवट झोपेत लिहिलं तरी चालेल, अक्षर तुम्हाला लागेलच. महिनाअखेर वही उघडा. ज्या अलार्मापुढं तिन्ही-चारही वेळा 'काही नाही' लिहिलंय, तो रात्रीच्या यादीतून काढून सकाळी नऊच्या मेलमध्ये टाकायचा. एखाद्यापुढं 'पोर्ट बंद करून चालू केला' असंच दरवेळी असेल, तर ते काम यंत्राला शिकवता येतं, माणूस कशाला उठवायचा. आणि ज्यापुढं 'गाडी काढून गेलो' लिहिलंय, तो राहू दे. त्याला मात्र वेगळी रिंगटोन लावा, म्हणजे ती वाजली की तुम्हालाही कळेल आज खरंच काहीतरी झालंय.

त्यांचे साहेब म्हणतील, "पण एखाद्या वेळी महत्त्वाचा अलार्म सुटला तर?" तेव्हा वही पुढं ठेवायची. कारखान्यांतल्या अलार्मांसाठी ब्रिटनमध्ये एक मार्गदर्शिका आहे, ईईएमयूए १९१, तिच्यात जागेपणी कामावर बसलेल्या माणसालासुद्धा सरासरी दहा मिनिटांत एकाहून जास्त अलार्म देऊ नका म्हटलंय. तुमचे यजमान तर झोपलेले असतात.

मी स्वतः हे केलं तेव्हा पहिल्या महिन्यात एकेचाळीस नोंदी होत्या, त्यातल्या चौतीस 'काही नाही'. वही अजून कपाटात आहे. एका पानावर माझ्या मुलानं मागच्या बाजूला राउटरचं चित्र काढलंय, दोन डोळे आणि उघडं तोंड.

पहिल्या महिन्याच्या नोंदी किती झाल्या ते मला कळवा. आणि मुलीच्या परीक्षेचे ते तीन आठवडे त्यांनी रात्रीची पाळी दुसऱ्याशी बदलून घ्यावी, त्याला कुठलाही थ्रेशोल्ड लागत नाही.